बहिऱ्या चोराच्या गोष्टीला हुंकारी

या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतो. वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, पाय उलटे असलेली बाई... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे खालचं वाचून कोणी "शेवटी तुम्हीही मानलंच ना" असं म्हणायला नको. मी काही मानलेलं नाही. एक रीडिंग आहे, त्याचं कारण मला सापडलं नाही — एवढंच.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी तिरोडा तालुक्यातला, पवार समाजाचा. बाप धानाचा शेतकरी, सही करण्यापुरता शिकलेला. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला. इलेक्ट्रिकल इंजिनीअर झालो, कोणाच्या चिठ्ठीशिवाय नोकरीला लागलो, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की लोक मुद्दाम मला बोलवायचे — "इंजिनेर आला, त्याले विचारा." मी जे दिसेल ते तोंडावर सांगायचो. म्हणून पुढे बोलवणं बंद झालं.

मी वीज कंपनीच्या टेस्टिंग विभागात होतो. उपकेंद्रातले मोठे ट्रान्सफॉर्मर आतून ठीक आहेत की नाहीत, हे बाहेरून तपासायचं. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तुम्ही ऐकली असेलच. ती कशी होते ते दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आतला लोखंडी गाभा विजेच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित ताणतो-आकसतो. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, म्हणून थरथर सेकंदाला शंभर. शिवाय तांब्याच्या गुंडाळ्या — आम्ही वाइंडिंग म्हणतो — करंट वाहताना एकमेकींना ढकलत असतात. म्हणून त्यांना वरून-खालून करकचून दाबून बसवलेलं असतं. लाइनवर मोठा फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किट, झाला की वाइंडिंगला हिसका बसतो. असे हिसके बसून बसून तो दाब सैल होतो, आणि सैल वाइंडिंग वेगळी थरथरते. हे सगळं तेल भरलेल्या लोखंडी टाकीत असतं; त्या टाकीला बाहेरून लोहचुंबकाचे सेन्सर चिकटवायचे, वायर लॅपटॉपला जोडायची, आणि थरथरीचा आलेख पाहायचा. राइस मिलमधला मिस्त्री पट्टा सैल झालेला आवाजावरून ओळखतो ना, तेच काम. फक्त कानाच्या जागी यंत्र.

दोन हजार दहाच्या पुढचं एक साल. एप्रिलचा मधला काळ. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक उपकेंद्र आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. समोर कंट्रोल रूम, मागे गिट्टी टाकलेलं यार्ड, तारेच्या कुंपणापलीकडे मोहाची दोन झाडं आणि मग नजर जाईल तिथपर्यंत उन्हाळी धान. यार्डात ट्रान्सफॉर्मरच्या दोन जागा. एक रिकामी, कारण तिथला आधीच दुरुस्तीला गेलेला. म्हणजे उरलेल्या एकावर सगळा परिसर. मार्च महिन्यात वादळानं त्याच्या लाइनवर झाडं पडली, एकामागून एक फॉल्ट झाले, आणि त्यानंतर त्याचा आवाज बदलला अशी तक्रार होती. तेलाचे रिपोर्ट चांगले होते. तेलातल्या गॅसचं प्रमाणही धोक्याचं नव्हतं. म्हणून मला पाठवलं.

आता प्रश्न काय होता ते नीट समजून घ्या. मला शेवटी एक ओळ लिहायची होती. एक तर 'चालू ठेवण्यास हरकत नाही', नाहीतर 'बंद करून उघडावा'. बंद केला तर महिनाभर तरी कृषिपंपांना धड वीज नाही, आणि धान नेमकं पोटरीत आलेलं. म्हणजे लोंब अजून पानाच्या आत, दोन-चार दिवसांत बाहेर पडणार. त्या वेळी पाणी तुटलं की लोंब येते, पण दाणा भरत नाही. फोल निघते. आणि चालू ठेवला, आतून खरंच सैल असला, तर पुढच्या मोठ्या फॉल्टला हजारो लिटर तेल पेटू शकतं. कंट्रोल रूम तिथून हाकेच्या अंतरावर.

यार्डात माझ्या मदतीला बुधराम सयाम नावाचा तंत्रज्ञ दिला होता. पन्नाशीचा, गोंड समाजाचा, तिथलाच राहणारा. आवाज असा की माइक लागू नये. दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते, तिथल्या दंडारीत — आमच्याकडच्या लोकनाट्यात — भुताचं काम करायचा, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून झालं. कामात तसा आळशी. ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो याची त्याची स्वतःची थिअरी होती — आत तेल उकळते म्हणून. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमचंबी बरोबर असंन."

मग हळूच विषयावर आला.

"साहेब, आमचं धान पोटरीत हाये. तुमी बंद लिहिलं का पोटुशी बाई उपाशी ठेवल्यासारखं होईन."

"तुमचं स्वतःचं आहे का धान?"

"मंग! दीड एकर. लाइनीच्या पार शेवटाले. पैलेच पानी रडत रडत येते."

"रीडिंग जे येईल ते लिहीन, सयामभाऊ."

"लिहा ना. मी कोठी नाही म्हनून राहिलो? फक्त चांगलं लिहा." आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

कंट्रोल रूममध्ये लांजेवार मॅडम शिफ्टला होत्या. साकोलीकडच्या, वयानं लहान, पण पॅनेलवर नजर एकदम पक्की. त्यांनी खिडकीतून सयामला हाक मारली — "भाऊ, सरांना काम करू द्या. दंडार चालू नका करू."

"तुमी लोड पाहा मॅडम, साहेबाले मी पाहतो."

नंतर त्यानं ट्रान्सफॉर्मरच्या नावाच्या पाटीवर बोट ठेवलं. कारखाना माळव्यातला होता. सयामला माझं आडनाव ठाऊक, आम्ही पवार मूळचे माळव्यातून आलेले हेही ठाऊक. म्हणाला, "टेंभरे साहेब, हा तं तुमचाच सोयरा निंगाला. तुमी आले तिकडूनच आला. सोयऱ्याले कोनी बंद करते काय?"

मलाही हसू आलं. चांगला टोमणा होता.

सकाळी तीन बाजूंची रीडिंग झाली. आवाज थोडा जास्त होता खरा, पण आकडे मर्यादेत. माझ्या डोक्यात 'चालू ठेवण्यास हरकत नाही' जवळपास पक्कं झालं होतं, आणि ते मी सयामला बोलूनही दाखवलं. तो खुश. चहा मागवला. उरली ती एक बाजू, तीन फेजांपैकी बी फेजची, तेल थंड करणाऱ्या रेडिएटरच्या मागची. तिथे मी सेन्सर लावले आणि लांब रेकॉर्डिंग चालू केलं. ही बाजू कंट्रोल रूमकडून दिसत नाही. मधे आग अडवायची भिंत आहे. सयाम त्या भिंतीच्या सावलीत गमछा अंथरून आडवा झाला आणि दुसरा गमछा तोंडावर घेतला. मी रेडिएटरमागे. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो.

"साहेब, कंटाळा येऊन राहिला असंन. गोष्ट सांगू?"

"दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात ना?"

"माझे मामे मेले सारे. आता कोठी चुकतीन? फक्त हुंकारी द्या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' म्हणायचं असतं. ती हुंकारी. हुंकारी थांबली की ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा गोष्ट बंद करतो. लहानपणी आम्ही सगळे हे करत होतो. पण मी त्या वेळी सेन्सरची जागा मोजत होतो, मी काही 'हूं' वगैरे म्हणालो नाही. सयाम मात्र सुरू झाला.

"एका गावात एक चोर राहे. बहिरा. ठार बहिरा. पन त्यालेच मालूम नाही का आपन बहिरे हावो..."

थांबला. मग पुढे.

"त्याले वाटे, सारी दुनियाच चूप हाये..."

थांबला. पुढे.

"म्हनून त्याले वाटे का आपल्यासारखा चुपचाप चोर कोनी नाही. तो म्हशी चोरे. म्हशीच्या गळ्यात ही एवढी घंटी..."

एवढं ऐकलं आणि मला आठवलं की जादा वायर गाडीतच राहिली. गाडी गेटबाहेर. मी सयामला काही न बोलता दुसऱ्या बाजूनं निघून गेलो. गेटवर चौकीदारानं नाव लिहायला लावलं, वायर शोधायला थोडा वेळ गेला. परत आलो तर सयामचा आवाज चालूच. तसाच गमछ्याखालून, तसाच थांबत थांबत.

"...दर खेपेले तो सापडे. मार खाये. अन् दर खेपेले म्हने, या गावचे लोक मोठे जादूगार हायेत, घंटीवाली म्हैस कोन नेऊन राहिला हे त्याईले झोपेत कसं समजते..."

"सयामभाऊ, कोणाला सांगून राहिले?"

त्यानं गमछा बाजूला केला. मी त्याच्या पायाकडे, हातात वायर घेऊन उभा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"तुमालेच. तुमी तं तिकडे होते."

"मी गेटवर होतो. आता येऊन राहिलो."

"मंग हूं कोन म्हनून राहिलं?"

"कोणी नाही. तुम्हाला भास झाला."

"काऊन मस्करी करता साहेब? दर बोलाले हूं येऊन राहिलं. नसतं आलं तं मी गोष्ट बंद नसती केली काय? मी काय येडा हावो, एकटाच बोलाले?"

मला वाटलं ऊन लागलं असेल. पाणी प्या म्हटलं आणि रेडिएटरमागे जाऊन लॅपटॉप पाहिला. रेकॉर्डिंग चालू होतं.

शंभर हर्ट्झची रेघ सपाट असायला पाहिजे. व्होल्टेज तेच, करंट तोच, तर थरथर तेवढीच. पण रेघेवर उंचवटे होते. छोटे, अर्ध्या-एक सेकंदाचे. मधलं अंतर सारखं नव्हतं. कधी जवळ, कधी लांब. आणि मी परत आल्यावर, सयाम गप्प झाल्यापासून, एकही नाही.

मी इंजिनीअर आहे. माझ्या मनात पहिलं काय आलं — सेन्सर ढिला. काढला, टाकी पुसली, परत लावला. दुसरा सेन्सर त्या जागी, तो दुसरीकडे. वायर बदलली, तेवढ्यासाठीच तर आणली होती. मग लांजेवार मॅडमला खिडकीत बोलावून करंटच्या काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. व्होल्टेज कमी-जास्त करणारा टॅप हलवायचा नाही, पंखे आहेत तसे. आणि सयामला म्हटलं, सांगा पुढची गोष्ट.

"आता नाही सांगत. मले भेव लागून राहिलं."

"दंडारीत भूत होता ना तुम्ही? सांगा."

"दंडारीतला भूत घरी जाऊन जेवते साहेब."

शेवटी उभ्यानंच सांगायला लागला, मोहाच्या झाडाकडे तोंड करून, ट्रान्सफॉर्मरकडे पाठ. "मंग एके दिवशी चोर म्हने..." वाक्य संपलं आणि स्क्रीनवर रेघ वर गेली. खाली आली. त्यानं दुसरं वाक्य म्हटलं. परत वर. वाक्य चालू असताना नाही, संपल्यावर. लांब वाक्य असलं तर तेवढं उशिरानं. त्यानं मुद्दाम वाक्य अर्धवट तोडलं तर काहीच नाही. मी स्वतः काही ऐकलं नाही. माझ्या कानाला तीच गुणगुण, सकाळपासूनची. सयामला ऐकू येत होतं आणि यंत्राला दिसत होतं.

खिडकीतून लांजेवार मॅडम ओरडल्या, "सर, काटा हलून नाही राहिला. जशाचा तसा आहे. चल क्या रहा है उधर?"

"एक रीडिंग आहे, बघतोय."

मग मी जेवढं सुचलं तेवढं करून पाहिलं. आवाजाच्या धक्क्यानं होत असेल म्हणून टाकीजवळ उभं राहून ओरडलो. रेघ सपाट. सतरा, एकोणीस, एकोणतीसचे पाढे म्हटले. सपाट. सयामला मॅन्युअलचं पान मोठ्यानं वाचायला लावलं, तो अडखळत वाचत राहिला, सपाट. त्याला दूर, गेटच्या बाजूला उभं करून गोष्ट सांगायला लावली, तिथून टाकीवर आवाजाचा काय परिणाम होणार? उंचवटे आले, तेवढेच.

"तुमी सांगून पाहा ना," सयाम म्हणाला. भीती जाऊन आता त्याला मजा वाटायला लागली होती. "तुमचा सोयरा हाये. पवारीत सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला एकही गोष्ट पूर्ण आठवेना. दोन वाक्यं पवारीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, जोडजाड करून म्हटली. रेघ सपाट राहिली. सयाम म्हणाला, "हे गोष्ट थोडी होय. हे तं तुमी त्याले चौकशी लावली."

लांजेवार मॅडम तोवर बाहेर आल्या होत्या. त्यांनी स्क्रीन पाहिली, सयामचं एक वाक्य ऐकलं, उंचवटा पाहिला, आणि पॅनेलवर परत गेल्या. नंतर कधी या विषयावर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्यांनी पाहिलं, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आता माझ्यापुढचा प्रश्न. हुंकारी बाजूला ठेवा, मलाही ठेवायचीच होती. उरतं काय? व्होल्टेज स्थिर, लोड स्थिर, आणि एका बाजूची शंभर हर्ट्झची थरथर कमी-जास्त होते. आमच्या शास्त्रात याचा अर्थ एकच निघतो — आत काहीतरी घट्ट धरलेलं नाही, ते हलायला मोकळं आहे. ते कशामुळे हलतं हे वेगळं. घट्ट असतं तर कशामुळेच हललं नसतं.

मी 'बंद करून उघडावा' असं लिहिलं. कारण लिहिलं — 'बी फेज बाजूस स्थिर भारावर थरथरीत अनियमित वाढ.' प्रत्येक शब्द खरा आहे. आकडे खरे, आलेख जोडलेला. त्या वेळी शेजारी कोण काय बोलत होतं, ते लिहायला रिपोर्टमध्ये जागा नसते.

सयामला मी स्वतः सांगितलं. मागून कळू दिलं नाही.

"सकाळी तं चालू म्हनत होते."

"सकाळी हे दिसलं नव्हतं."

"हे म्हंजे काय? गोष्टीले हूं म्हनलं, हा फॉल्ट होय?"

"आत सैल आहे, सयामभाऊ. तुम्ही लोक इथे बाजूला बसता."

"दीड एकर हाये माझं," तो म्हणाला. ओरडला नाही. त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा एवढा लहान ऐकला. मग गमछे गोळा करून निघून गेला.

ट्रान्सफॉर्मर बंद झाला. दुसऱ्या उपकेंद्रावरून वीज फिरवली, ती घरच्या दिव्यांना पुरली. पंपांना पाळीनं मिळायची, आणि लाइनीच्या शेवटच्या शेतांपर्यंत पोचेतो व्होल्टेज इतकं पडायचं की पंप उचलायचाच नाही. क्रेन आली, तेल काढलं, टाकी उघडली. मी तिथे होतो. बी फेजच्या वाइंडिंगला वरून दाबून ठेवणारा लाकडी ठोकळा निसटून खाली पडलेला होता, आणि जिथे वाइंडिंग घासत होती तिथे तांब्यावर गुंडाळलेला कागद झिजून आतलं तांबं दिसत होतं. साहेब लोकांनी पाठ थोपटली. तेलात काही नाही, गॅस नाही, आणि तरी पोरानं पकडलं! एक सीनियर म्हणाले, पुढचा मोठा फॉल्ट यानं झेलला नसता. मला आनंद झाला. का होऊ नये? माझं निदान बरोबर होतं. नागपूरला याच केसवर मी भाषण दिलं, आलेख दाखवला, टाळ्या घेतल्या. कोणीतरी विचारलं, उंचवट्यांमधलं अंतर असं वेडंवाकडं का? मी म्हटलं, तपास चालू आहे. तो खरंच चालू होता.

त्या भागातलं पुष्कळ धान फोल निघालं. सयामचं पूर्ण. लोंबा उभ्या, पांढऱ्या, हातात घेतल्या तर वजन नाही. कापून जनावरांना टाकलं असं लांजेवार मॅडमनी फोनवर सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी जिल्ह्यातल्या बाकीच्या उपकेंद्रांवरही रीडिंग घेतली. आणि हो — तिथल्या लोकांकडून गोष्टी सांगवून घेतल्या. कारण काय सांगायचो? 'आवाजाचा परिणाम तपासतोय.' गोंदियाजवळ एका हेल्परनं मला हिंदीत राजा-राणीची लांबलचक कहाणी ऐकवली. तिरोड्याकडे एकानं स्वतःच्या लग्नाची भानगड सांगितली, जी ऐकून मीच हूं म्हणालो असतो. सगळीकडे रेघ सपाट. एक सैल निघालेला ट्रान्सफॉर्मरही होता त्यांत, तो नेहमीसारखा सैल होता, रेघ वर जाऊन वरच राहिलेली. तसला दुसरा कुठेच नाही.

दिवाळीच्या आधी दुरुस्त ट्रान्सफॉर्मर परत जोडला, आणि मला नव्यानं रीडिंग घ्यायला तिथे जावं लागलं. खरीपाचं धान कापणीला आलेलं. यार्डात सयाम होता. रामराम झाला. सेन्सर त्यानं स्वतःच उचलून आणले, पण गमछा काही अंथरला नाही. तीन बाजू झाल्या. बी फेजच्या बाजूला सेन्सर लावले आणि मी म्हटलं, "सयामभाऊ, ती गोष्ट सांगा पुढची. बहिऱ्या चोराची."

"सांगू कोनाले?"

"सांगा तर."

त्यानं एकदा टाकीकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून सांगायला लागला, पहिल्यापेक्षा हळू.

"मंग एके दिवशी त्यानं म्हैस सोडली, ते बिनाघंटीची निंगाली. घंटी कोठी पडली होती. पन त्याले काय मालूम..." थांबला. मी स्क्रीनकडे पाहत होतो. रेघ सपाट.

"तो चालला. गाव संपलं. कोनी धावून नाही आलं..." सपाट.

"नदी आली. मांगं वळून पाह्यलं. कोनी नाही. त्याले नवल वाटलं. मंग त्याले भेव लागलं. म्हने, आज काऊन कोनी नाही आलं? मेले का काय गावचे लोक..." सपाट.

"मंग तो म्हैस घेऊन परत गेला. घरोघरी दार वाजवून पाहे, लोक जित्ते हायेत का. असा सापडला तो शेवटी."

गोष्ट संपली. मी हसलो, चांगली गोष्ट होती. सयाम हसला नाही. तो माझ्या बाजूला येऊन स्क्रीनकडे वाकला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ.

"नाही म्हनून राहिला ना?"

"नाही. आता आत सगळं घट्ट आहे. उत्तम आहे."

"उत्तम लिहा मंग."

मी लिहिलं. तो सेन्सर काढून पेटीत ठेवत होता. पाठमोराच बोलला.

"साहेब, एक विचारू? त्या दिवशी त्यानं हूं नसतं म्हनलं, तं तुमी चालू ठेवला असता?"

"हो."

"मंग माझं धान पिकलं असतं."

"आणि तुम्ही इथे जळून मेले असते. आत काय निघालं ते पाहिलं ना तुम्ही? तांबं उघडं पडलं होतं. त्यानं जीव वाचवला तुमचा, असं समजा."

सयामनं पेटीचं झाकण लावलं, खटके दाबले.

"जीव वाचवला, सैल हाये, बंद करा... हे सारं तुमी म्हनता साहेब. तो तं निस्ता हूं म्हने. त्याले वाटलं असंन, गोष्ट पुढं चालू राहीन."

मी पेटी उचलून गाडीत ठेवली. त्यानंतर त्या ट्रान्सफॉर्मरनं कधी त्रास दिला नाही. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, आणि माझ्या क्षेत्रातल्या शहाण्या माणसांना मी ते दाखवलंय — गोष्टीचं न सांगता. ते म्हणतात, सैल ठोकळा असं करू शकतो. हो, करू शकतो. पण वाक्य कुठे संपतं ते ठोकळ्याला कसं कळत होतं, हे मी कोणाला विचारलेलं नाही. आज पहिल्यांदा इथे विचारतोय.